लिफ्ट नंबर दोन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला आयुष्यभर एकच गोष्ट छळते. तक्रार आली म्हणून तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की लिफ्ट शहाण्या बाळासारखी वर जाते, खाली येते, दार उघडते, दार मिटते. भोवती सगळी बिल्डिंग उभी. "आत्ता अडकली होती हो! शप्पथ अडकली होती!" लिफ्ट मात्र साळसूद. मग मेकॅनिक पिशवी उचलून परत जातो, आणि तो कोपऱ्यावर वळला की लिफ्ट पुन्हा अडकते.

आजोबांनी चौतीस वर्षं हेच काम केलं होतं. त्यामुळे नातीला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं तेव्हा घरात बाकीच्यांना नाही नाही त्या काळज्या लागल्या, पण आजोबांना एकच लागली. डॉक्टरसमोर पोरगी नीट वागली तर?

नात आठ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत. नऊ महिन्यांची असताना ती चालायला लागली आणि दहाव्या महिन्यात तिने चालणं सोडून दिलं. तेव्हापासून ती पळतच होती. जेवताना एक पाय खुर्चीवर, दुसरा दाराकडे. प्रश्न विचारायची आणि उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न घेऊन हजर.

शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. मुलगी जागेवर बसत नाही. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देते. पेन्सिली, वह्या, डबा आणि एकदा एक बूट हरवला. गणिताच्या दहा उदाहरणांपैकी चारच सोडवते. चारही बरोबर असतात, उरलेल्या सहांच्या जागी जिने काढते. लक्ष न लागण्याचा, अतिचंचलतेचा त्रास आहे का, हे डॉक्टरांना विचारावं. तसं काही नसेल, तर हा नुसता बेशिस्तपणा समजून मुलीला पुढच्या वर्षी याच वर्गात ठेवावं लागेल. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ.

आजोबांनी ती रेघ पाहिली आणि चष्मा काढून पुसत बसले. अशीच एक चिठ्ठी पंचवीस वर्षांपूर्वी याच घरात आली होती, भिंगरीच्या बापाबद्दल. त्यात डॉक्टरचं नाव नव्हतं. मुलगा बेपर्वा आहे, त्याच वर्गात बसवतो, एवढंच होतं. आजोबांनी कामाला निघता निघता, एका पायात चप्पल घालून, उभ्या उभ्या सही ठोकली होती. पोरगा त्याच वर्गात बसला. मग आणखी एकदा बसला. मग त्याने शाळेत बसणंच सोडलं. आता तो पार्सलची व्हॅन चालवायचा, आणि ही त्याची सहावी नोकरी होती.

"या खेपेला मशीन उघडून बघितल्याशिवाय सही नाही," आजोबा म्हणाले.

"पोरगी आहे ती, मशीन नाही," आजी म्हणाली.

"म्हणून तर जास्त नीट बघायचं."

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. प्रत्येक गोष्ट आपापल्या खणात ठेवणारी, नेमकी बाई. तिनेच लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता काढला, वेळ घेतली. तिकडून सांगितलं गेलं की पंधरा दिवस मुलगी घरात काय काय करते ते लिहून आणा.

"ते माझ्याकडे लागलं," आजोबा म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, आणि नोंदवही लिहायचा मान पुन्हा मिळेल अशी आशा त्यांनी सोडून दिली होती.

त्यांनी लांब वही आणली, पट्टीने रकाने आखले. तारीख. वेळ. जागा. काय झालं. कारण. शेवटच्या रकान्याचा आजोबांना फार अभिमान. आळशी मेकॅनिक तिथे डोळे मिटून 'वापरणाऱ्याची चूक' असं लिहून मोकळे होतात. मशीन उघडायला नको, हात काळे करायला नकोत. आजोबांनी उभ्या नोकरीत झाकण उघडल्याशिवाय ते दोन शब्द कधी लिहिले नव्हते. साहेबांनाही हे माहीत होतं आणि निरोपाच्या दिवशी त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं.

त्यांचा दुसरा नियम असा, की शेजारी शेजारी दोन लिफ्ट असतील आणि बिघडलेली एकच असेल, तरी नोंद दोन्हींची ठेवायची. दोन्हींना वीज एकाच जागेहून येते. म्हणून त्यांनी पहिल्या पानावर 'लिफ्ट नंबर एक' लिहिलं, म्हणजे भिंगरी. आणि खाली 'लिफ्ट नंबर दोन' लिहिलं, म्हणजे भिंगरीचा बाप. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लिफ्टलाही कधी कुणी सांगत नाही.

इकडे आजीचा वेगळाच उद्योग चालू होता. पाहुणे येणार म्हटलं की सगळा पसारा पलंगाखाली ढकलून वरून चादर ओढायची, ही तिची जन्माची सवय. डॉक्टर म्हणजे तिच्या लेखी पाहुणाच.

"एकदा नाव चिकटलं की निघत नाही," ती म्हणायची. "आणि गोळ्या देऊन पोरीला गुंगीत ठेवतील ते वेगळंच. तिला चार घटका गप्प बसवायचं की झालं."

रोज दुपारी ती भिंगरीला स्टुलावर बसवायची. "मनातल्या मनात एक ते हजार मोजायचे. हलायचं नाही, बोलायचं नाही. डॉक्टरकडे हजारपर्यंत बसलीस, तर माझी बटणांची बरणी कायमची तुझी."

बटणांची बरणी म्हणजे भिंगरीचा जीव की प्राण. आजीने जन्मभर शिवणकाम केलं होतं. त्या बरणीतली बटणं रंगाप्रमाणे, भोकांप्रमाणे वेगळी करताना ही पोरगी तास तास उठत नसे. आजी नेमकं त्याकडेच बोट दाखवून म्हणायची, "लक्ष लागत नाही म्हणे! हाक मारून माझा घसा बसतो, तरी मान वर करत नाही."

"अहो आई, पण गृहपाठाला तीन मिनिटं बसत नाही ना ती," सून म्हणायची.

"गृहपाठाला बटणं आहेत का?"



ठरल्या दिवशी चौघं निघाली. बाप कामावरून परस्पर येणार होता. दवाखाना चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या आजोबांनी कान टवकारले. "दाराचा रोलर झिजलाय," ते म्हणाले.

"तुम्ही इथे कशाला आलाय ते लक्षात आहे ना?" आजीने विचारलं.

बाहेरच्या बाकावर सुनेने तिसऱ्यांदा फोन लावला. "निघालोय म्हणतो."

"निघालोय म्हणजे अजून बुटात पाय घातलेला नाही," आजोबा म्हणाले.

त्यांचा नंबर पुकारला गेला. डॉक्टरबाई वयाने सुनेएवढी, बारीक चणीची, आणि तिची खुर्ची दर हालचालीला कुरकुरत होती. आजोबांचा हात खिशातल्या तेलाच्या बाटलीकडे गेला. आजीने तो वाटेतच दाबून धरला.

भिंगरी खुर्चीत बसली. पाय जुळवलेले, हात मांडीवर, नजर समोर. जणू फोटो काढायचा होता.

"काय गं, नाव काय तुझं?" डॉक्टरबाईने विचारलं.

भिंगरीने एक बोट वर केलं, म्हणजे थांबा. तिचे ओठ हलत होते.

"बोलत नाही का?"

"लाजरी आहे," आजी म्हणाली.

सुनेला जोराचा ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

आजोबांचा धीर सुटत चालला. हे तेच, चौतीस वर्षांचं जुनं दुखणं. मेकॅनिक समोर आणि लिफ्ट साळसूद! त्यांनी मुद्दाम पेन खाली पाडलं. एरवी भिंगरी पेनाआधी जमिनीवर असती. ती हलली नाही. मग त्यांनी खिशातून लिफ्टचं जुनं बटण काढलं, दाबलं की लाल दिवा लागणारं, आणि टेबलावर ठेवून दोनदा दाबलं. भिंगरीचा डावा डोळा तिकडे गेला. उजवा जागेवर राहिला. ओठ हलत होते. आजोबांनी लक्ष देऊन पाहिलं, तर तीनशे चाळीसनंतर पोरगी थेट सहाशेवर गेली होती. गणिताच्या वहीतही ती असंच करायची.

"डॉक्टर," आजोबा एकदम म्हणाले, "ही अशी नाहीये हो! शप्पथ सांगतो, अशी नाहीये!"

"अहो!" आजी दबक्या आवाजात ओरडली.

डॉक्टरबाई हसली. "आजोबा, घाबरू नका. माझ्यासमोर शांत बसली म्हणून हिला काही त्रास नाही, असं मी म्हणणार नाही. नवी जागा, नवा माणूस, चार मिनिटं. पुष्कळ मुलं इथे अगदी छान बसतात. म्हणून तर लिहून आणायला सांगते."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. मशीन नीट चालत असतानाही तक्रारीवर विश्वास ठेवणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी वही पुढे केली.

डॉक्टरबाई वाचू लागली. "लिफ्ट नंबर एक. सोमवार, सकाळी सात दहा. बाथरूमकडे. दात घासायला पाठवली. वाटेत मोजे दिसले, एक मोजा घातला. खिडकीत कबुतर दिसलं, त्याच्याशी बोलली. एकवीस मिनिटांनी सापडली तेव्हा ब्रश कानामागे. कारण: दात, मोजे, दप्तर अशी तीन कामं एकदम सांगितली होती." तिने मान वर केली. "आजोबा, इतकं नीट मला कुणी आणून देत नाही."

आजोबांनी सदऱ्याची कॉलर नीट केली.

"लिफ्ट नंबर दोन. मंगळवार, सकाळी आठ. व्हॅनच्या किल्ल्या शोधल्या. शोधताना पेचकस सापडला. तो घेऊन गळका नळ दुरुस्त करायला बसला. नळ निम्मा खोलल्यावर फोन आला. बोलत बोलत कामावर गेला. स्वयंपाकघरात पाणी. किल्ल्या घरी." डॉक्टरबाई थांबली. "ही व्हॅन चालवते?"

सून गोंधळून वहीकडे पाहू लागली. आजोबांनी घसा खाकरला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि काखेत कुणाचं तरी पार्सल धरून बाप आत आला.

"सॉरी, सॉरी! मी केव्हाचा आलोय. खाली तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो. वीस मिनिटं. मला वाटलं, तुम्हीच उशीर करताय."

"तिसऱ्या मजल्यावर कोण आहे?" सुनेने विचारलं.

"दातांचे डॉक्टर. नंबर आला म्हणून आत गेलो. माझी एक दाढ काढावी लागेल म्हणतात."

डॉक्टरबाईने एकदा त्याच्याकडे, एकदा वहीकडे पाहिलं. "लिफ्ट नंबर दोन आले वाटतं," ती म्हणाली.

आता आजोबांना सगळं सांगणं भाग होतं. त्यांनी दोन लिफ्टचा नियम सांगितला, एकाच जागेहून येणारी वीज सांगितली. बापाचं तोंड आधी उघडलं, मग मिटलं, मग तो हसायला लागला.

"पंधरा दिवस माझ्यावर पाळत? बघू तरी!" त्याने वही ओढून घेतली आणि उभ्यानेच पानं उलटू लागला. "हे खरंय... हेही खरंय... पार्सल चुकीच्या घरी दिलं हे तुम्हाला कसं कळलं?"

"ते लोक पत्ता विचारत आपल्याकडे आले होते."

"पण ते सांगितलं नाहीत मला?"

"सांगितलं. तू हो म्हणालास आणि पंखा पुसायला लागलास."

सगळे हसले. बापाने आणखी दोन पानं उलटली. मग त्याचा हात थांबला. त्याचं बोट शेवटच्या रकान्यावरून खाली खाली येत गेलं.

"बाबा," तो म्हणाला. "हिच्या प्रत्येक ओळीला वेगळं कारण लिहिलंय तुम्ही. कामं एकदम सांगितली. शाळेतून थकून आली. घाई केली. टीव्ही चालू होता."

"मग? बघूनच लिहिलंय."

"आणि माझ्या सगळ्या ओळींना एकच. वापरणाऱ्याची चूक. वापरणाऱ्याची चूक. वापरणाऱ्याची चूक. अडतीस वेळा."

आजोबांनी वही घेतली. चष्मा नाकावर सरकवला. अक्षर त्यांचंच होतं. स्वच्छ, गोल, एकही खाडाखोड नाही. लिहिताना हात एकदाही अडखळला नव्हता. ज्या दोन शब्दांसाठी त्यांनी चौतीस वर्षं दुसऱ्या मेकॅनिकांना नावं ठेवली होती, तेच त्यांनी घरी बसून, चहा पीत पीत, अडतीस वेळा लिहिले होते. झाकण न उघडता. आणि पहिल्यांदा लिहिले ते पंधरा दिवसांपूर्वी नाही, पंचवीस वर्षांपूर्वी, एका पायात चप्पल घालून.

 आजोबा चष्मा काढून पुसत बसले. डॉक्टरबाईची खुर्चीसुद्धा कुरकुरली नाही.

"हजार!" भिंगरी ओरडली.

आणि जे काय पंधरा मिनिटं तिच्या अंगात दाबून बसलं होतं, ते सगळं एकदम बाहेर पडलं. ती वजनकाट्यावर चढली, उतरली, बाबांचं पार्सल घेऊन पुन्हा चढली. "आजी, बरणी माझी! डॉक्टर, तुमची खुर्ची का रडते? तुम्हाला मुलगी आहे का? ती गप्प बसते का? बाबा, तुमची कुठली दाढ? ह्या कपाटात काय आहे? आजोबा, मी मधलं थोडं गाळलं तरी चालतं ना?" लिफ्टचं बटण तिच्या हातात आलं होतं आणि लाल दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. उत्तर तिने एकाचंही ऐकून घेतलं नाही.

आजीने कपाळाला हात लावला. "पाचच मिनिटं राहिली होती हो," ती पुटपुटली.

डॉक्टरबाई मात्र खुशीत लिहीत होती. मग तिने भिंगरीला रंगीत मणी भरलेला डबा दिला, आणि पोरगी जमिनीवर फतकल मारून अशी गढून गेली की जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

"हेच! हेच मी म्हणते," आजी उसळून म्हणाली. "लागतं की लक्ष!"

"लागतंच, आजी," डॉक्टरबाई म्हणाली. "अशा मुलांना लक्ष नसतं असं नाही. ते हवं तेव्हा हवं तिकडे वळवणं जमत नाही. आवडीचं असलं की चिकटून बसतं, नावडतं असलं की निसटतं. त्यात तिचा हट्ट नाही आणि तुमचा लाडही नाही."

सुनेने एवढा वेळ घट्ट धरून ठेवलेली पर्स मांडीवर ठेवली. आपल्याकडूनच काही कमी पडलं का, हे विचारायला ती आली होती. आता विचारायची गरज उरली नाही.

"म्हणजे अतिचंचलतेचा तो एडीएचडी आहे?" तिने विचारलं.

"असू शकतो. लक्षणं तशी आहेत, पण एका भेटीत मी नाव लावत नाही. शाळेच्या बाईंसाठी प्रश्नांचा कागद देते, घरासाठी एक. कान आणि डोळे तपासून घ्या, झोप किती होते ते लिहा. मग पुन्हा भेटू. गोळीचं आज काहीच नाही. पुढे गरज वाटली तर सगळ्यांना विचारूनच. शाळेला मी पत्र देते. तपासणी चालू आहे, तोवर मुलीला मागे ठेवण्याचं ठरवू नका. पुढच्या बाकावर बसवा, दहा उदाहरणं एकदम देण्याऐवजी दोन दोन द्या, मधे एकदा उठून फळा पुसू द्या."

"फळा पुसायला मिळणार?" भिंगरीने मान वर न करता विचारलं.

बाप अजून उभाच होता. पार्सल या काखेतून त्या काखेत गेलं. "डॉक्टर, हे... मोठ्या माणसातही असतं?"

"असतं. लहानपणी कुणी ओळखलं नाही म्हणून ते जात नाही. पुष्कळदा एकाच घरात दोन पिढ्यांत दिसतं. पण तुमची तपासणी मी नाही करणार, मोठ्यांच्या डॉक्टरांचं नाव देते. आणि हे वहीवरून ठरत नाही बरं का, आजोबा."

"घ्या!" आजी म्हणाली. "एकीला घेऊन आलो, दोघांना नाव चिकटवून निघालो."

"अजून कुणालाच चिकटवलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाली आणि पत्र लिहायला घेतलं.

निघताना आजोबांनी शाळेच्या चिठ्ठीवर सही केली. खुर्चीत बसून, पत्र दोनदा वाचून, मग चिठ्ठी दोनदा वाचून. त्यानंतर त्यांनी तेलाची बाटली काढली. या वेळी आजीने हात धरला नाही. दोन थेंबांत खुर्ची गप्प झाली.

सगळी लिफ्टमध्ये शिरली. भिंगरीने आधी आत उडी मारून सगळ्या मजल्यांची बटणं दाबून टाकली होती. दार मिटलं, आणि बापाने एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग पार्सल आजीकडे देऊन पहिला पुन्हा.

"किल्ल्या?" सुनेने विचारलं.

"दातांच्या डॉक्टरकडे. टेबलावर."

आजोबांनी वही उघडली, लिफ्टच्या भिंतीला टेकवली आणि लिहायला लागले. लिफ्ट नंबर दोन. दुपारी बारा वीस. दवाखाना. किल्ल्या तिसऱ्या मजल्यावर राहिल्या. मग शेवटच्या रकान्यापाशी पेन आलं. सवयीने पहिलं अक्षर पडलंच. आजोबांनी ते खोडलं. त्यांच्या वहीतली ती पहिली खाडाखोड.

बाप खांद्यावरून वाकून बघत होता. आजोबांनी सावकाश लिहिलं: अजून उघडून पाहिलेलं नाही. आमच्याकडून उशीर.

 बापाने पेनाचं टोपण, जे आजोबा शोधत होते, ते त्यांच्याच कानामागून काढून त्यांच्या हातात दिलं.

तिसरा मजला आला. बाप पळाला. "बाबा, मी पण!" म्हणत भिंगरी त्याच्यामागे पळाली. दार मिटायला लागलं तसा आजोबांनी मधे हात आडवा घातला. चौतीस वर्षं ते सगळ्या गावाला ओरडून सांगत आले होते, दारात असा हात घालू नका म्हणून.

"अहो, खालून लोक बटण दाबताहेत," आजी म्हणाली.

"दाबू दे," आजोबा म्हणाले, आणि हात तसाच धरून उभे राहिले.